कल्हई चौकाचं डाऊनटाऊन

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप टांगले जातात. आमच्या अण्णांच्या तांब्यापितळेच्या दुकानात छताला जशी भांडी टांगलेली असायची, तसे. गिऱ्हाईक म्हणायचं, तो एवढा तांब्या दाखवा. अण्णा काठीने तांब्या काढायला जायचे आणि त्याच्या मागून दोन घागरी, एक परात आणि कुणी न मागितलेली झारी खाली यायची. आवाज पार मेन रोडपर्यंत. आमच्या कल्हई चौकातला एक किस्सा सांगायला घेतला की तेच होतं. म्हणून आज फक्त डाऊनटाऊनचे सांगतो. बाकीचे वरच राहू देत.

मी सरकारी कचेरीत कारकून होतो. निवृत्त झाल्यावर सकाळ-संध्याकाळ अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचो. मला तिथे सगळे ‘रावसाहेब’ म्हणायचे. नोकरीत असताना कुणी म्हटलं नव्हतं. डावीकडे बाळूचं मिसळीचं हॉटेल, उजवीकडे शकूताईंचं बांगड्यांचं दुकान, आणि घाटावरची कामं आटोपून रोज चहाला येणारे नानागुरुजी. एवढी आमची मंडळी.

कुंभमेळा होऊन गेला त्या साली अण्णा अमेरिकेला गेले. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद तिथे एका लहानशा गावात नोकरीला. सहा महिने राहून अण्णा परत आले ते डोक्यात एकच शब्द घेऊन : डाऊनटाऊन.

*

“तीन रस्ते,” अण्णा म्हणाले. “तीन रस्ते आणि एक घड्याळ. त्याला ते हिस्टॉरिक डाऊनटाऊन म्हणतात. प्रत्येक दुकानावर पितळी पाटी. हे दुकान अमुक साली बांधलं. एका हार्डवेअरवाल्याने मला हाताला धरून पाटी दाखवली. शंभर वर्षंसुद्धा झाली नव्हती. मी म्हटलं, माझ्या दुकानातला तराजू याच्याहून जुना आहे. तर त्याने टोपी काढली.”

“तुम्हाला?” बाळूने विचारलं.

“तराजूला.”

तिथे एक जुन्या वस्तूंचं दुकानही होतं. सूनबाईंनी तिथून एक सुंदर पितळी भांडं आणलं होतं, मूळ हिंदुस्थानातलं. पसरट काठ, बारीक मान, खाली गोल पोट. त्यात सुकवलेली फुलं घालून त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवलं होतं. अण्णांची हयात भांड्यांत गेलेली. त्यांनी पहिल्या घासालाच ओळखलं. ती पिकदाणी होती.

“मग सांगितलं नाही?” शकूताई म्हणाल्या.

“काय सांगायचं? फुलं छान होती.”

सहा महिने अण्णा दोन्ही वेळा पिकदाणीसमोर जेवले.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दिवाळीच्या सुमारास मिलिंदचा फोन आला. अण्णांचा गुडघा, आई गेल्यापासूनचा त्यांचा एकटेपणा, वरच्या मजल्याचा जिना, असं सगळं त्याने मांडलं. दुकान एका मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचं आणि अण्णांनी मे महिन्यात कायमचं तिकडे यायचं. मार्चमध्ये तो स्वतः येऊन सगळं ठरवून जाणार होता.

मुलगा वाईट नाही. उलट चांगला आहे, हीच पंचाईत. वाईट मुलाला नाही म्हणता येतं.

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ एक समई पुसत बसले. मग म्हणाले, “तो विचारतो, तिथे आहे काय? आता याला मी काय सांगू? रोज बघतो त्याला काय आहे म्हणून सांगायचं?”

“सांगू नका, दाखवा,” नानागुरुजी म्हणाले. “त्याच्या गावात आहे तसं.”

गुरुजींची जीभ अशी सहज घसरते. पण अण्णांनी समई खाली ठेवली. मार्चच्या आत कल्हई चौकाचं हिस्टॉरिक डाऊनटाऊन करायचं ठरलं. मुलाने बघावं आणि आपण होऊन म्हणावं, की अण्णा, तुम्ही इथेच बरे.

*

पहिली पाटी. अण्णांनी स्वतःच्या दुकानातलं जाड पितळी पान दिलं. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी आयुष्यभर मजकूरच लिहिला. मी रात्रभर विचार करून सकाळी वाचून दाखवला. सुरुवात अशी होती : ‘उपरोक्त चौकाबाबत सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...’

“ही पाटी आहे का जप्तीची नोटीस?” शकूताई म्हणाल्या.

मी मजकूर सोपा केला. मग भांडण लागलं, चौकातलं सगळ्यांत जुनं दुकान कुणाचं. अण्णा म्हणाले, भांड्यांचं. शकूताई म्हणाल्या, “लोक भांडी घ्यायला लागायच्या आधीपासून बायकांना हात होते.” बाळूचं हॉटेल त्याच्या वडिलांनी काढलेलं, म्हणजे कालचंच. पण त्याचं म्हणणं, तर्रीची कृती त्याच्या पणजीची आहे, तेव्हा पणजी धरा. आठ दिवस वाद चालला. शेवटी अण्णांनी पाटी कोरीच ठोकली. म्हणाले, रिकामी असली तरी पितळेची आहे. रोज सकाळी ते ती चिंच लावून लख्ख करायचे.

तिसऱ्या दिवशी पाटीवर कुंकवाचं बोट दिसलं. चौथ्या दिवशी झेंडूचं फूल. आठवडा झाला तेव्हा एक बाई पाटीपुढे डोळे मिटून उभी होती आणि तिच्या मागे दुसरी खोळंबली होती.

अण्णांनी विचारलं, “अहो, कुणाला नमस्कार करताय?”

बाई म्हणाली, “असेल ना कुणीतरी.”

*

मग रंग. तिकडे म्हणे सगळ्या दुकानांना एकाच जातीचा रंग. आम्ही फिकट पिस्ता ठरवला. तो शकूताईंनी ठरवला आणि त्यालाच ठरवणं म्हणतात. पाट्याही उतरवल्या, कारण निरनिराळ्या पाट्यांनी शोभा जाते, असं अण्णांचं मत.

दुसऱ्या दिवशी पेठ गावाकडची एक म्हातारी लेकीच्या लग्नाच्या खरेदीला आली. वर्षानुवर्षं ती शकूताईंकडे बांगड्या भरायची. हिरवं दार, आतल्या बाजूला बाकडं, एवढीच तिची खूण. आता चौकभर एकच दार. ती सरळ बाळूकडे शिरली, बाकड्यावर बसली आणि गल्ल्यावरून हात पुढे केला.

बाळूने त्या हाताकडे बघितलं, म्हातारीकडे बघितलं आणि हातावर पाव ठेवला.

म्हातारी म्हणाली, “ह्यो कशाला? बांगड्या भर ना भाऊ. हिरव्या भर.”

बाळूने माणुसकीला धरून आधी मिसळ दिली आणि मग शेजारी पोचवलं. पण शकूताईंनी त्याला सोडलं नाही. माझं गिऱ्हाईक खाऊन बसलं, म्हणाल्या. मनगट काही एका मिसळीत जाड होत नाही, असं मी म्हटलं. त्यावर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पाट्या परत चढल्या. पिस्ता राहिला.

*

डाऊनटाऊनमध्ये लोक हिंडत हिंडत इतिहास ऐकतात, असं अण्णांनी सांगितलं होतं. पुढे एक माणूस बोलत चालतो, मागे ऐकणारे. बोलत पुढे चालण्याचा अनुभव आमच्यात नानागुरुजींनाच. यात्रेकरूंना घाटावर फिरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. तेव्हा रंगीत तालीम त्यांच्याकडे दिली. ऐकणारे म्हणून येवल्याचं एक कुटुंब मिळालं. मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आलेले नवरा-बायको आणि मुलगी. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि थोडा वेळ गुरुजींबरोबर हिंडून या म्हणून विनवलं.

गुरुजींनी सुरुवात झकास केली. हा चौक, इथे पूर्वी भांड्यांना कल्हई होत असे, ही धुराने काळी झालेली भिंत. पण बाळूच्या हॉटेलापर्यंत पोचता पोचता जिभेने जुनी वाट धरली. त्यांनी गोत्र विचारलं. पानवाल्यापाशी उजव्या हातात पाणी घ्यायला लावलं. पानवाल्याने आपल्या बादलीतलं दिलं. शिंप्याच्या दुकानाला तिघांनी उजवीकडून प्रदक्षिणा घातली. ती घालायला शिंप्याच्या स्वयंपाकघरातून जावं लागलं. शिंप्याच्या बायकोने त्यांच्या हातावर साखर ठेवली, कारण आलेल्या माणसाच्या हातावर काहीतरी ठेवायला हवं.

अण्णांच्या दुकानी परत आल्यावर त्या गृहस्थांनी हळूच विचारलं, “गुरुजी, दोष गेला ना?”

गुरुजी दचकले. “कुठला दोष?”

“ते तुम्हालाच ठाऊक. आम्ही भांडी घ्यायला आलो होतो.”

*

शेवटचं काम बाकाचं. डाऊनटाऊनच्या मधोमध गोल कट्टा, त्यावर फुलझाडं, भोवती बाक. चौकात मोकळी जागा एकच होती. तिथे कुणी हातगाडी लावत नसे, स्कूटरही नाही. आम्ही पाच जण उभे राहून बघत होतो आणि गवंड्याने तिथे विटा रचल्या. ती जागा मोकळी का आहे हे आम्हा पाचही जणांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यामुळेच कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगणार कोण?

कट्टा छान झाला. झेंडू लावला, तो देवळाकडे जाणाऱ्या गायीने खाल्ला. सदाफुली लावली, ती गायीने हुंगून सोडली, म्हणून सदाफुली राहिली. बाकांवर बसायचा योग मात्र आला नाही. फेब्रुवारीचं ऊन लागताच शकूताईंनी तिथे कुरडया वाळत घातल्या. बाकी चौकाने आठ-दहा दिवस उभ्याने गप्पा मारल्या.

*

होळी झाली आणि मिलिंद आला. अर्धी चड्डी, पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. पोरगा गोड. सगळ्यांच्या पाया पडला, बाळूची मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी काढलं, दुसरी मागवली.

संध्याकाळी अण्णांनी त्याला चौक दाखवला. पिस्ता रंग, पितळी पाटी, कट्टा, सदाफुली, बाक. कुरडया त्या दिवसापुरत्या उचलून घेतल्या होत्या. मिलिंदने सगळं मनापासून बघितलं. त्याचा चेहरा खुलला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. जिंकलो असं वाटलं.

“अण्णा,” तो म्हणाला, “हे तर अगदी आमच्या गावासारखं झालंय.”

“झालंय ना?”

“मग प्रश्नच मिटला. तुम्हाला तिकडे परकं वाटणारच नाही. हेच सगळं तिकडे आहे, आणि जिना नाही.”

पाटीवर कुणीतरी नुकतंच वाहिलेलं फूल होतं, ते अण्णांनी सरळ केलं आणि ते आत गेले. दुसऱ्या दिवशी मोबाइलवाला टेप घेऊन दुकान मोजून गेला.

*

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी गल्लीतली पोरंटोरं आणि बापे कुदळी, पहारी घेऊन चौकात आले आणि कट्ट्यापुढे थबकले.

नाशिकच्या बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे रंग पंचमीला खेळतात, आणि जुन्या गावात रहाडी आहेत. रहाड म्हणजे रस्त्याखाली बांधून काढलेला दगडी हौद, दोन पुरुष खोल, पेशव्यांच्या वेळचा म्हणतात. वर्षभर त्यावर लाकडाच्या फळ्या आणि माती. वरून माणसं, सायकली, रिक्षा जातात. रंगपंचमीला तो उकरायचा, फुलं उकळून केलेला रंग ओतायचा, पूजा करायची आणि त्यात उड्या मारायच्या. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमचा केशरी. मधली दोन वर्षं पाणीटंचाईमुळे आम्ही रहाड उघडली नव्हती. आणि तिसऱ्या वर्षी तिच्या डोक्यावर आम्ही सदाफुली लावून बसलो होतो.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. कट्टा त्यांचा आणि रहाडीचा मानही त्यांच्याच घराचा. रंग उकळायचा तो त्यांच्या दुकानातल्या हंड्यात आणि पहिली उडी त्यांच्या घरातल्या माणसाची. गुडघा दुखायला लागल्यापासून अण्णा काठावर बसून नुसता पाय बुडवायचे आणि उडी दुसरं कुणीतरी मारायचं.

अण्णांनी एका पोराच्या हातातली पहार घेतली आणि कट्ट्याला पहिला दणका स्वतः घातला. मग मात्र सगळेच तुटून पडले. बांधायला पंधरवडा लागलेला कट्टा चहा उकळेपर्यंत नाहीसा झाला.

आवाज ऐकून मिलिंद वरच्या खिडकीत आला. “काय तोडताय?”

शकूताईंनी वर बघून सांगितलं, “डाऊनटाऊन.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी रहाड काठोकाठ भरली. हंड्यातल्या रंगाची वाफ चौकभर पसरलेली, ढोल चालू, गच्च्यांवर माणसं. पिस्ता रंगाच्या भिंतींचं काय झालं ते सांगत नाही. नानागुरुजींनी पूजा केली आणि या वेळी पाणी घ्यायला लावलं ते योग्य जागी लावलं.

मिलिंद पायरीवर उभा होता. पांढरे बूट, हातात बाटली. मी लांबूनच बघतो, म्हणाला. परवा विमान आहे, हा रंग जात नाही.

अण्णा काठावर आले. दरवर्षीसारखे बसतील असं वाटलं. ते बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग घड्याळ दिलं. मग सदरा काढायला लागले.

“अण्णा, गुडघा!” मिलिंद ओरडला.

“पहिली उडी आपल्या घराची,” अण्णा म्हणाले आणि बाही सोडवायला लागले. ती बाही त्यांना फार वेळ सुटत नव्हती. एरवी ती चटकन सुटते. मी रोज बघतो.

ढोल थांबला. मिलिंदने बापाकडे बघितलं, बाटली माझ्या काखेत खुपसली आणि बुटांसकट उडी मारली. असा धप्पा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. काठावरचे सगळे भिजले. बाळू तर तळलेल्या शेवेसकट. पोरगा वर आला तो आपादमस्तक केशरी, आणि वर येऊन पहिलं काय म्हणाला? “अजून एक.” संध्याकाळपर्यंत त्याला बाहेर काढता काढता चार माणसं आत पडली.

अण्णांनी सदरा परत घातला.

*

दोन दिवस मिलिंद साबण, दही, बेसन, रॉकेल सगळं लावत होता. तोंड बरंच निवळलं. कानाच्या पाळ्या, नखं आणि केसांची मुळं केशरीच राहिली. निघताना तो अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, “मोबाइलवाल्याला मी पोचल्यावर कळवतो. तुम्ही पासपोर्ट तेवढा शोधून ठेवा.” गाडी गेली. अण्णांनी पासपोर्ट शोधून काढला, गल्ल्याशेजारी ठेवला आणि समया पुसायला घेतल्या. मी पायरीवर, शकूताई दारात, बाळू उगाच फडकं घेऊन उभा.

संध्याकाळी फोन वाजला. मिलिंद, मुंबई विमानतळावरून. अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्याने बोलतो. त्यामुळे ते फोनवरचं बोलणं चौकाचंच असतं.

झालं होतं असं, की पासपोर्ट तपासणीच्या रांगेतून मिलिंद खिडकीशी गेला. खिडकीतल्या साहेबाने पासपोर्टवरचा फोटो बघितला. मग मिलिंदचा चेहरा बघितला. मग कान बघितले. परत फोटो, परत कान. मिलिंदला घाम फुटला. मागे ही मोठी रांग.

साहेब म्हणाला, “नाशिक?”

“हो.”

“कोणती रहाड?”

“कल्हई चौक.”

साहेबाने शिक्का मारला. “तरीच. फिका आहे. मी तिवंध्याच्या रहाडीचा. आमचा पिवळा पाडव्यापर्यंत जात नाही.”

“मग?” अण्णा फोनवर म्हणाले.

“मग काय, अण्णा! मी त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी कल्हई चौकात या आणि उडी मारा, मग बोला. समोर भांड्यांचं दुकान आहे, तिथे माझे वडील बसलेले असतील. त्यांना सांगा, मिलिंदने पाठवलंय.”

“पुढच्या वर्षी?” शकूताई दारातून पुटपुटल्या. अण्णांनी फोन ठेवला. मग मान वर करून छताकडे बघितलं.

“फिका म्हणाला,” ते म्हणाले. “रावसाहेब, ती काठी द्या. मोठा हंडा काढून ठेवू.”

मी काठी दिली. हंडा आला. त्याच्या मागून दोन घागरी, एक परात आणि झारी.